शकूकाकूंचे आभार

शकूकाकूंनी आयुष्यात कोणालाही माफ केलं नाही. हे आधीच सांगून टाकते. माणूस गेला की त्याला पाकात घोळवायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि काकूंना ते चाललं नसतं. मुलाकडे अमेरिकेत त्या वारल्याचा निरोप आला तेव्हा दुकानात उभी असलेली एक बाई म्हणाली, "किती प्रेमळ होत्या नाही?" मी तिच्या खोकल्याच्या औषधाची बाटली कागदात गुंडाळून दिली आणि म्हटलं, "नाही."

काशीदवरून मुरूडकडे जाताना समुद्राच्या अंगाला आमचं गाव लागतं. एसटी थांब्यासमोर माझं औषधांचं दुकान आहे. शिवाय मी गावच्या वाचनालयाची कार्यवाह आहे, म्हणजे केर काढण्यापासून पाहुण्यांना नारळ देण्यापर्यंत सगळं. काकूंचं घर दुकानामागच्या पाणंदीत, नारळी-पोफळीच्या वाडीत. नवरा लवकर गेला, मुलगा तिकडे, आणि वाडी त्यांनी एकटीने राखली. अंगाने काडी. साडीखाली मुलाने पाठवलेले पांढरे धावायचे बूट आणि हातात कायम अडकित्ता. सुपारी स्वतः कधी खाल्ली नाही, पण कोणी मुद्दा सोडून बोलायला लागलं की अडकित्ता वाजायचा. कट्. समोरचा माणूस आपोआप मुद्द्यावर यायचा.

त्यांचा राग विसराळू नव्हता. लग्नाच्या वर्षी गावातल्या एका दुकानदाराने त्यांना खवट तेल दिलं होतं. तो दुकानदार मेला, त्याचा मुलगा म्हातारा झाला, नातवाने दुकान काचेचं केलं. काकू तेल मुरूडहूनच आणायच्या. मी एकदा म्हटलं, "काकू, त्या पोराचा काय दोष?"

"दोष नाही गो. पण तेल त्याच घाण्याचं ना?"

"जाऊ दे आता. विसरून जा."

"विसरायला मी काय म्हातारी झाल्ये?" असं म्हणाल्या तेव्हा त्यांना सत्तरी ओलांडून बराच काळ झाला होता. "आणि राग कच्चा वाढू नये, नंदे. आपलेच दात आंबतात. मुरू द्यावा."

अमेरिकन राष्ट्राध्यक्षांशी त्यांची गाठ पडली ती नातवामुळे. सूनबाईचं बाळंतपण, मग बाळाला सांभाळायला माणूस नाही, म्हणून मुलाने त्यांना सहा-सहा महिने न्यायला सुरुवात केली. तिकडे बर्फ, माणसं दारं लावून घरात. घराजवळ एक मोठं वाचनालय होतं, तिथे त्या मोठ्या नातवाला घेऊन जायच्या. त्याला गोष्टींची पुस्तकं काढून द्यायच्या आणि स्वतः शेजारचं कपाट उघडायच्या. त्या कपाटात एकेका अध्यक्षाचं एकेक पातळ पुस्तक होतं. मोठी अक्षरं, पानापानावर चित्रं. काकूंचं इंग्रजी तेवढंच होतं, म्हणून त्यांनी ते कपाट संपवलं.

"सगळे चांगले!" परत आल्यावर त्या मला सांगत होत्या. "लहानपणी सगळे खरं बोलायचे, आईचं ऐकायचे, दिव्याच्या उजेडात अभ्यास करायचे. मग म्हटलं, एवढे गुणी असताना जगभर गोंधळ घातला कोणी? मी तिथल्या बाईंना विचारलं, वाईट अध्यक्षांचं कपाट कुठाय?"

"मग?"

"हसली. म्हणाली, ते मोठ्यांच्या विभागात आहे. पुढच्या वर्षी मोठ्यांच्या विभागात गेले."

शब्दकोश मांडीवर घेऊन, मुलाला रात्रीच्या जेवणावर छळून त्यांनी तोही विभाग बऱ्यापैकी पिंजला. पण एकाही अध्यक्षाचं नाव त्या घेत नसत. नाव घेतलं की माणूस उगाच मोठा वाटतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे तसंही टोपणनावाशिवाय माणसाची ओळख पटत नाही. म्हणून गुलामी मोडणारा तो दाढीवाला. चाकाच्या खुर्चीत बसून चार वेळा निवडून आला तो खुर्चीवाला. स्वतःच्याच कचेरीतलं बोलणं टेपवर घेऊन त्यातच अडकला तो टेपवाला. आणि भुईमुगाची शेती सोडून आलेला, एकदाच निवडून आलेला, तो शेंगदाणेवाला.

इथवर ही एका म्हातारीची हौस होती. तिचं हत्यार कसं झालं, ते सांगते.

काकूंच्या वाडीच्या कडेला एक विहीर होती. समुद्र हाकेच्या अंतरावर असून तिचं पाणी गोड. अर्ध्या आळीच्या चुली त्या पाण्यावर चालायच्या. विहिरीच्या पलीकडे दत्ताभाऊचं घर. दत्ताभाऊ म्हणजे तेव्हाचा आमचा सरपंच. त्याची बायको मालूवहिनी आणि काकू या दोघी एकाच वर्षी गावात सून म्हणून आल्या आणि एकाच रहाटावर त्यांनी हात सोलवून घेतले. सकाळचा पहिला हंडा कोण काढणार यावरून त्यांची रोज भांडणं व्हायची आणि त्यावाचून त्यांचा दिवस उजाडायचा नाही.

काकू तिकडे असताना दत्ताभाऊने मागच्या अंगाला भागीदारीत रिसॉर्ट काढला. गाड्या आत न्यायला वाट नव्हती. त्याने काकूंच्या वाडीचं कुंपण काढलं, पोफळींची एक रांग तोडली, विहीर दगडमातीने बुजवली आणि वरून रंगीत फरशा बसवून रस्ता केला.

काकू परत आल्या त्या दिवशी मी सोबत होते. मुलाने त्यांना रहाटासाठी तिकडची निळी नायलॉनची दोरी घेऊन दिली होती. ती हातात घेऊनच त्या मागे गेल्या. विहीर होती तिथे एक पांढरी गाडी उभी होती. गाडीतून उतरलेल्या मुलीने त्यांना विचारलं, "आंटी, बीच किधर है?"

काकूंनी बोटाने समुद्र दाखवला. दोरी तशीच हातात.

दत्ताभाऊ संध्याकाळी स्वतःहून आला. "काकू, गावाचा विकास आहे. ती जागा पडीकच होती. नळ येतोय ना आता घरोघरी! रस्ता आला की सगळ्यांचंच भलं. तुमच्यासाठी चांगलीशी जागा बघून बोअर मारून देऊ."

काकूंनी त्याला चहा दिला. तो गेल्यावर मी तणतणले, मोजणी मागा म्हटलं, वकील गाठा म्हटलं.

"माझा सासरा बांधासाठी कोर्टात गेला होता," त्या म्हणाल्या. "तो मेला, समोरचा मेला, वकील मेला. तारीख जिवंत आहे." मग अडकित्ता उचलून म्हणाल्या, "नंदे, वाचनालयाचं सभागृह रविवारी मोकळं असतं का गो?"

परिसंवादाची कल्पना त्यांनी समितीपुढे मांडली तेव्हा सगळ्यांना ती निरुपद्रवी वाटली. मागे आम्ही आपल्याकडच्या एका पुढाऱ्यावर चर्चा ठेवली होती. तिच्यात दोन खुर्च्या आणि एकाचा दात मोडला होता. अमेरिकेच्या माजी अध्यक्षांवरून आमच्या गावात कोण कोणाचा दात पाडणार? महिन्यातून एक रविवार, एक अध्यक्ष. एकाने बाजूने बोलायचं, एकाने विरुद्ध. मग परातीत सुपारी टाकायची. अख्खी म्हणजे पास, फुटकी म्हणजे नापास. सुपाऱ्या काकूंच्या वाडीतल्या. शेवटी सभेचे अध्यक्ष निकाल सांगणार आणि भाषण करणार.

"आणि सभेचे अध्यक्ष दरवेळी दत्ताभाऊ," काकू म्हणाल्या.

मी वहीत त्याचं नाव लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

"आणि आभार मी मानीन," त्या म्हणाल्या.

आभाराला आमच्याकडे कोणी किंमत देत नाही. तो बायकांच्या गळ्यात घालायचा कार्यक्रम. मंडपवाला, माईकवाला, चहावाला यांची नावं वाचायची. माणसं तोवर चपला शोधायला लागलेली असतात. पण सभेचा एक रिवाज आहे. अध्यक्षांच्या नंतर कोणी बोलायचं नसतं, फक्त आभार मानणाऱ्याने बोलायचं. आणि आभारानंतर तर अध्यक्षांनीही बोलायचं नसतं. चहा येतो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाही.

दत्ताभाऊला शाल, नारळ आणि मोबाइलवर फिरणारा फोटो एवढं पुरे होतं. विषय काय हे तो स्टेजवर चढताना मला विचारायचा. भाषणं चालू असताना टेबलाखाली फोन बघायचा. परात पुढे आली की मान वर करायचा, कुठल्या सुपाऱ्या जास्त आहेत ते बघायचा आणि त्या बाजूने, मतदारांपेक्षा वरच्या पट्टीत बोलायचा. निवडणुका तो अशाच जिंकला होता. काकूंनी पहिले दोन-तीन रविवार फक्त हे बघून घेतलं.

सभा मात्र खरोखर रंगायला लागल्या. खोटं कशाला सांगू, मलाही वाट बघावीशी वाटायची. शेंगदाणेवाल्याच्या वेळी यासीनभाई बाजूने उभे राहिले. यासीनभाईंची हयात कुवेतला गेलेली, आता गावात मासेमारीचं सामान विकतात. "तौबा, त्याच्या वक्ताला आम्ही रोज रेडिओला कान लावून बसायचो," ते म्हणाले. "त्याची माणसं इराणात ओलीस पडली, सोडवता नाही आली, म्हणून तो हरला. कबूल. पण दोन जानी दुश्मनांना एका टेबलावर बसवून सुलह करून दिली ती त्यानेच. आणि खुर्ची गेल्यावर हातोडी घेऊन गरिबांची घरं बांधत फिरला. आपल्याकडे खुर्ची गेलेला माणूस काय करतो?"

"दुसऱ्यांदा उभा रातो!" मागून हिराबाय ओरडली. हिराबाय म्हणजे आमची मासेवाली. हातावर बर्फाचं पाणी सुकायच्या आत सभेला यायची.

शेंगदाणेवाला पास झाला. टेपवाल्याला मात्र हिराबायने स्वतः उभं राहून झोपवलं. त्याने चीनचं दार उघडलं, हे मोठं काम, असं शाळेचे सर समजावून सांगत होते. हिराबाय म्हणाली, "सर, दार उघडलान त्ये खरा हाय. पन चोरी केलान ती केलान, वर टेप पन लावून ठेवलान! आवो, येवडी अक्कल तं आमच्या मांजराला पन हाय. मासा खाल्ला का त्वांड पुसतंय."

खुर्चीवाल्यावर सभा दुभंगली. उपाशी देशाला त्याने काम दिलं, धरणं बांधली, लढाई जिंकत आणली. पण आपल्याच देशातल्या जपानी वंशाच्या माणसांना, बायकापोरांसकट, घरंदारं सोडायला लावून तारेच्या कुंपणात टाकलं. परातीत निम्म्या अख्ख्या, निम्म्या फुटक्या. दत्ताभाऊची पंचाईत झाली. तो दोन्ही बाजूंनी बोलला. आभार मानताना काकू एवढंच म्हणाल्या, "मोठं काम केलं म्हणून कुंपण माफ होत नाही. चहा घेऊन जा."

मग आला तो जमीनवाला. हा फार जुना. सेनापती होता, मग अध्यक्ष झाला. मूळ रहिवाशांच्या जमिनी गोऱ्यांना कापसासाठी हव्या होत्या, म्हणून त्याने कायदा करून घेतला आणि त्या लोकांना नदीपलीकडे घालवायचं ठरवलं. आजही त्याचं तोंड वीस डॉलरच्या नोटेवर आहे. ती नोट काकूंनी मुलाकडून आणली होती आणि सभेत हातोहात फिरवली.

विरुद्ध बाजूला यासीनभाई होते. बाजूने कोण बोलणार, याला कोणी तयार होईना. काकू उठल्या. "मी बोलते."

सभागृहात कुजबुज झाली. दत्ताभाऊने फोनमधून मान वर केली, काकू कोणाच्या तरी बाजूने उभ्या राहिल्यात एवढं बघितलं, आणि पुन्हा खाली घातली.

यासीनभाई आधी बोलले. ती माणसं थंडीत शेकडो मैल कशी चालत गेली, मागे घरं, बागा, पूर्वजांच्या कबरी टाकून, आणि वाटेत हजारो कशी मेली, ते त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता. मग काकू माईकसमोर आल्या.

"हा माणूस पास झाला पाहिजे," त्या म्हणाल्या. "त्याने देशाचा विकास केला. ती जागा पडीकच होती. त्या लोकांना त्याने सांगितलं होतं, तुमच्यासाठी चांगलीशी जागा बघून देतो. रस्ता आला की सगळ्यांचंच भलं असतं. आणि मालक घरात नसेल तर थांबायचं कशाला? मालक विकासाच्या आड येतात."

पहिल्या वाक्यांना कोणाला कळलं नाही. 'चांगलीशी जागा' या शब्दांवर हिराबाय हसली. दत्ताभाऊने हे भाषण आळीतल्या प्रत्येक ओट्यावर दिलं होतं. गावाला ते पाठ होतं. हसू एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेलं. बायकांच्या बाजूला मालूवहिनी बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत समोर बघत राहिल्या.

परात फिरली. मी ती टेबलावर ठेवली. एकही अख्खी सुपारी नव्हती. काकूंनी स्वतःचीही फुटकी टाकली होती.

दत्ताभाऊने परात बघितली आणि त्याचा चेहरा उजळला. काकू हरल्या होत्या! गाव त्यांच्या विरुद्ध होतं! विहिरीवरून गावात जे कुजबुजलं जात होतं त्याचं उत्तर त्याला आयतं मिळालं होतं. विषय जमिनी घेणाऱ्या अध्यक्षाचा, एवढं मी त्याला स्टेजवर चढताना सांगितलं होतं आणि काकूंचं शेवटचं वाक्य तेवढं त्याच्या कानावर पडलं होतं. तो माईकला चिकटला.

"काकू मानाच्या आहेत, पण आज त्या चुकल्या! मालक घरात नसताना त्याची जमीन घेणारा माणूस, तो कसला अध्यक्ष? तो दरोडेखोर! विकासाचं नाव सांगून कोणी दुसऱ्याच्या दारात घुसणार असेल तर आम्ही गप्प बसायचं? मी निकाल देतो. नापास! आणि माझं तर म्हणणं आहे, अशा माणसाने जे बळकावलं ते स्वतःच्या हाताने परत केलं पाहिजे. स्वतःच्या हाताने!"

टाळ्या थांबेनात. शिट्ट्यासुद्धा आल्या. तो हात जोडून बसला. तोवर काकू आभाराला उभ्या राहिल्या होत्या.

"माईकवाल्यांचे आभार. चहावाल्यांचे आभार. यासीनभाईंचे आभार. आणि अध्यक्षांचे विशेष आभार. मी चुकले, त्यांनी मला दुरुस्त केलं. मालक घरात नसताना घेतलेलं स्वतःच्या हाताने परत करायचं, असा निकाल त्यांनी सगळ्या गावासमोर दिला आहे. माझी विहीर रिसॉर्टच्या रस्त्याखाली आहे. उद्या सकाळी मी पहार घेऊन तिथे बसते. अध्यक्षांची वाट बघते. चहा घेऊन जा."

दत्ताभाऊ उठला. तोंड उघडलं. चहावाल्याने त्याच्या हातात कप दिला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी रस्त्याच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची टाकली. तोडलेल्या पोफळीच्या बुंध्याला निळी दोरी बांधली आणि दुसरं टोक समोरच्या विजेच्या खांबाला. शेजारी पहार, घमेलं, मांडीवर अडकित्ता. सीझनचे दिवस होते. मुंबई-पुण्याच्या गाड्या दोरीपाशी येऊन थांबायच्या, लोक उतरून विचारायचे. "अध्यक्षांची वाट बघतेय," काकू सांगायच्या. लोक व्हिडिओ काढायचे. मी दुपारी डबा न्यायची आणि रक्तदाब मोजायची. घोड्यासारखा होता.

हवालदार आला. "काकू, रस्ता अडवता येत नाही."

"मी विहिरीवर बसल्ये. रस्ता तिच्यावर कोणी घातला ते विचारा. आणि तुम्ही परवा कुठली सुपारी टाकलीत हो? फुटकीच ना?"

हवालदार हसू दाबत गेला आणि पुन्हा आला नाही.

दिवाळी उलटेपर्यंत दत्ताभाऊने दम धरला. मग भागीदारांनीच त्याला ढकललं. तो जेसीबी घेऊन आला. काकू खुर्चीवरून हलल्या नाहीत. "स्वतःच्या हाताने, असा निकाल आहे."

सगळं गाव जमलं होतं. त्याने पहार घेतली आणि रंगीत फरशीवर पहिला घाव घातला. त्याचा फोटो शाल-नारळाच्या सगळ्या फोटोंपेक्षा जास्त फिरला. त्यानंतरच काकूंनी दोरी सोडली आणि जेसीबीला वाट दिली.

गाळ उपसला, झरे मोकळे झाले, पाणी चढलं. निवळल्यावर पहिला हंडा काकूंनी त्या निळ्या दोरीने काढला. तांब्याचं फुलपात्र बुडवून तोंडाला लावलं आणि थुंकल्या. पाणी खारं होतं. रिसॉर्टच्या बोअरनी मागच्या मागे समुद्र ओढून आणला होता.

मालूवहिनी पुढे आल्या, काकूंच्या हातातून फुलपात्र घेतलं आणि घोट घेतला. त्यांनी तो थुंकला नाही. गिळला. नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि घरात गेल्या.

एखाद्या शहाण्या माणसाने इथे हिशेब मिटला म्हटलं असतं. विहीर परत मिळाली, सरपंचाची शोभा झाली. पुढच्या निवडणुकीत तो पडलासुद्धा. मीही म्हटलं, "काकू, आता पुरे."

"पाणी गोड झालं?"

"नाही."

"मग?"

पडल्यावरही दत्ताभाऊला शाळेच्या, क्रीडामंडळाच्या कार्यक्रमांना अध्यक्ष म्हणून बोलवत. शाळेच्या वृक्षारोपणाला त्याच्यासमोर तांब्याचं फुलपात्र ठेवलेलं होतं. भाषणाआधी त्याने मोठा घोट घेतला आणि शालीवर फवारा उडवला. पहिल्या रांगेत काकू. कट्. त्यानंतर गावात कुठल्याही स्टेजवर तो बसला की ते पाणी समोर यायचं. काकू स्वतः आणून ठेवायच्या, लपवाछपवी नाही. "आपल्या अध्यक्षांना गावचं पाणी," म्हणायच्या. वयामुळे कोणी त्यांना अडवायचं नाही, आणि खरं तर कोणाला अडवायचंच नव्हतं. कोरड्या घशाने भाषण लवकर संपतं.

काकू जमीनवाल्यानंतर कोणाला अध्यक्ष म्हणेनाशा झाल्या होत्या, तिकडच्यांनासुद्धा. तो शब्द त्यांनी दत्ताभाऊसाठी राखून ठेवला होता. रस्त्यात दिसला की हाक मारायच्या, "काय अध्यक्ष, तहान लागल्ये?" तो रस्ता ओलांडून माझ्या दुकानात शिरायचा आणि उगाच पेपरमिंटच्या गोळ्या घ्यायचा.

मग एकदा माणगावला कसल्या तरी मेळाव्यात त्याचा सपत्नीक सत्कार होता. तिथेही त्याच्या तोंडात खारं पाणी गेलं. तो थेट काकूंच्या अंगणात येऊन ओरडला.

"मी माणगावला गेल्येच नाही," काकू म्हणाल्या. आणि त्या गेल्या नव्हत्या. त्या दिवशी माझ्यासोबत वाचनालयाची कपाटं लावत होत्या.

तेव्हापासून तो स्टेजवरचं पाणी घेईना, घरून बाटली न्यायला लागला. अलिबागला ती बाटलीही खारी निघाली. गावात बोलायला लागले की विहिरीचा शाप लागला, ती जिथे जाईल तिथे पाठलाग करते. यासीनभाईंनी मला विचारलं, "डॉक्टरीनबाई, असं होतं काय?" मी डॉक्टरीण नाही हे मी त्यांना नेहमीप्रमाणे सांगितलं. औषधं विकणाऱ्या बाईचा शापावर विश्वास नसतो. "बाटली कोण भरतं, ते बघा," एवढंच म्हटलं आणि दुसरं गिऱ्हाईक घेतलं.

काकू आणि मालूवहिनी आता बोलत नव्हत्या. निदान कोणी त्यांना बोलताना बघितलं नव्हतं. खारी विहीर पाणी भरायला निरुपयोगी होती, तरी पहाटे रहाटाचा आवाज यायचा.

दत्ताभाऊ मागच्या हिवाळ्यात गेला. हृदयाने. इस्पितळात, झोपेत. घोटभर खाऱ्या पाण्याने माणूस मरत नाही, हे मी माझ्या धंद्याच्या जबाबदारीने सांगते. शोकसभा वाचनालयाच्या त्याच सभागृहात ठेवली. काकूंनी येऊ नये असं समितीचं मत होतं. ते त्यांना सांगायचं काम माझ्यावर आलं. मी ते केलं नाही. मला माझं दुकान आणि माझा जीव प्यारा आहे.

त्या आल्या. इस्त्रीची साडी, पांढरे बूट, पहिल्या रांगेत. तालुक्याचे पुढारी एकामागून एक बोलले. विकासपुरुष म्हणाले, गावाचा आधारवड म्हणाले. अमेरिकेतल्या मुलांच्या कपाटातलं पुस्तक कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवतंय असं वाटत होतं. एक जण म्हणाले, त्यांनी गावाला रस्ता दिला. अडकित्ता वाजला नाही. काकूंनी तो आणलाच नव्हता. दोन्ही हात मांडीवर होते.

दोन मिनिटं उभं राहून झालं. शोकसभेला आभार नसतात. लोक तसेच दाराकडे वळले.

"आभार राहिले," काकू म्हणाल्या.

सगळे थांबले. तालुक्याचे पुढारी माझ्याकडे बघायला लागले. मी माईकचं बटण बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे, नंदा. चालू राहू दे." हे मालूवहिनी बोलल्या. त्या फोटोशेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी खुर्चीखाली हात घातला आणि तांब्याचं फुलपात्र काढलं, वर झाकण घातलेलं, घरून भरून आणलेलं. ते त्यांनी नवऱ्याच्या फोटोसमोर ठेवलं नाही. माईकच्या टेबलावर ठेवलं. "घे, शकू. घसा कोरडा पडेल. इतकी वर्षं घरच्या अध्यक्षांना मीच देत होते."

काकू पायरी चढल्या. मी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. फुलपात्र उचललं आणि सबंध पाणी प्यायल्या, तोंड वाकडं न करता, शेवटच्या थेंबापर्यंत. पदराने ओठ टिपले. मग माईक स्वतःच्या उंचीला खाली ओढला.

माणसं पुन्हा खुर्च्यांवर बसली. चहावाला दारातच थांबला.